पाच हजारात सपरीतल्या वर्कशॉपसाठी कोणता व्हॅक्यूम घ्यावा?

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातून एका भावाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "दादा नमस्कार. दिवसा शेती आणि संध्याकाळी घराच्या सपरीत लाकडाचं काम करतो. देव्हारे, पोळपाट, आणि लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल. लाकूड घासायचं सँडर घेतल्यापासून धूळ एवढी होऊन राहिली की विचारू नका, सपरीला लागूनच स्वयंपाकघर आहे आणि आईला आधीच दमा. बजेट ५००० रुपये. मोबाईलवर २००० वॅटचं मशीन ३५०० ला दिसून राहिलं, १२०० वॅटचं ४५०० ला. एक मित्र म्हणते हातातला बॅटरीवाला घे, हार्डवेअरवाला म्हणते ब्लोअरच घेऊन जा, पिशवी लावली की तोच व्हॅक्यूम. जागा कमी आहे आणि लाइनचा भरवसा नाही. काय घेऊ?"

भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि बाकी सगळं सोडून आईच्या दम्यावरच डोळे थांबले, म्हणून तिथूनच सुरू करतो, मशीनचं नंतर येतंच.

रंद्याच्या ढलप्या आणि करवतीचा भुसा खाली पडतो, फड्यानं झाडला की झालं. सँडरची धूळ तशी नसते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि बारीक सँडपेपरनं घासलं की त्यातली कितीतरी धूळ १० मायक्रॉनच्याही खालची निघते, ती डोळ्याला दिसत नाही, लवकर खाली बसत नाही, काम बंद करून तुम्ही जेवायला बसता तरी ती हवेत तरंगतच असते आणि श्वासासोबत आत जाते. सागवानाच्या धुळीनं काही लोकांच्या अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे, नाकाच्या आणि नाकामागच्या पोकळ्यांच्या कॅन्सरसाठी, हे आपल्याकडे सुतारकाम करणाऱ्या फार कमी लोकांना माहीत असते. घाबरवायला नाही सांगून राहिलो. वर्षानुवर्षं रोज धूळ खाणाऱ्यांची ती गोष्ट आहे, पण तुम्ही तरुण आहात, पुढं ३० वर्षं हे काम करणार, आणि आई तर आत्ताच त्याच हवेत भाकरी टाकून राहिली.

म्हणून माझं म्हणणं एकच, आणि पुढचं सगळं त्यालाच धरून आहे: धूळ जिथं निघते तिथंच पकडायची, सँडरच्या तोंडाशी. काम झाल्यावर फरशी साफ करणं हे व्हॅक्यूमचं दुय्यम काम. ज्या मशीनची नळी सँडरला नीट बसते आणि ज्याचं फिल्टर बारीक धूळ आत अडवून धरते ते मशीन तुमच्या कामाचं, मग त्याच्यावर वॅटचा आकडा काहीही लिहिलेला असो.

आता ब्लोअरचं. हार्डवेअरवाल्याला वाईट म्हणत नाही, त्याच्याकडे तेच असते आणि कूलरची जाळी, मोटारीतला कचरा, ट्रॅक्टरचा रेडिएटर साफ करायला ब्लोअरसारखी वस्तू नाही. पण उलटं लावून त्याला पिशवी जोडली की धूळ आधी पंख्याच्या पात्यातून जाते आणि मग कापडी पिशवीत, आणि त्या पिशवीच्या विणीतून बारीक धूळ पिठासारखी बाहेर येते. म्हणजे जाड भुसा पिशवीत राहिला आणि जी धूळ आईला नको तीच तेवढी चाळून हवेत सोडली. फुंकायच्या बाजूनं वापरला तर त्याहून वाईट, खाली बसलेली धूळही उठते आणि स्वयंपाकघरात जाते. तुमच्या घरी सपरीत ब्लोअर नकोच.

हातातला बॅटरीवाला पण नको. गाडीच्या सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे जे येतात त्यांचं गणित साधं आहे, १२ व्होल्ट आणि साधारण १० ते १५ अँपिअर, म्हणजे १२० ते १८० वॅट, त्यापेक्षा फार जास्त तिथून निघत नाही. सीटवरचे मुरमुरे उचलायला ठीक. चार्जिंगवाले छोटे १५-२० मिनिटांत दम टाकतात, डबी वाटीएवढी, फिल्टर बोटाएवढं, सँडरसमोर एका बैलाचं पोट घासून होईपर्यंत भरते. टूलच्या १८ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे चांगले व्हॅक्यूम येतात पण बॅटरी आणि चार्जर धरला की तुमच्या बजेटच्या बाहेर जातात, आधीच त्या कंपनीची बॅटरी घरात असेल तरच विचार करा.

राहिलं वॅटचं. इथंच सगळे फसतात, मी पण याच आकड्याला भुलून घेतलं होतं. आठ-नऊ वर्षं झाली, १८०० वॅट लिहिलेलं एक स्वस्त मशीन आणलं, कापडी फिल्टरवालं. माझं शेड टिनाचं, मे महिना, बाहेर ४५ डिग्री. पंधरा-वीस मिनिटं चालवलं की ओढणं कमी व्हायचं आणि गरम वास यायचा. दुसऱ्याच महिन्यात मोटार जळाली. वायंडिंगवाल्याकडे खोलली तेव्हा कळलं की फिल्टर धुळीनं चोंदलं होतं, आणि त्या मशीनमध्ये मोटारीला थंड करणारी हवा तीच होती जी नळीतून ओढली जाते, नळीतून हवा येणं थांबलं की मोटार आपल्याच गरमीत शिजते. चांगल्या वेट-ड्राय, म्हणजे पाणी आणि कोरडी धूळ दोन्ही ओढणाऱ्या, मशीनमध्ये मोटार थंड करायची हवा वेगळी घेतलेली असते, वरच्या टोपीला बाजूनं वेगळ्या जाळ्या दिसतात, याला बायपास मोटार म्हणतात. हे दुकानात डोळ्यानं पाहता येते, ऑनलाइन घेत असाल तर फोटो मोठा करून पाहा नाहीतर विकणाऱ्याला प्रश्न टाका.

वॅट म्हणजे मशीन लाइट किती खाते ते. किती ओढते ते नाही. युरोपात घरगुती व्हॅक्यूमवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरं साफ होतातच ना.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून तुम्हाला हे एका मिनिटात समजेल. विहिरीवरची मोटार घेताना आपण दोन गोष्टी पाहतो, हेड किती आणि डिस्चार्ज किती. नुसत्या एचपीवर कोणी घेत नाही. व्हॅक्यूमचं अगदी तसंच आहे. हेड म्हणजे ओढण्याचा जोर, तो किलोपास्कलमध्ये लिहिलेला असतो, आणि डिस्चार्ज म्हणजे दर सेकंदाला किती लिटर हवा जाते ते, कुठं कुठं सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं लिहितात. आणि जसं पंपाच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं हेड आणि सगळ्यात मोठा डिस्चार्ज एकाच वेळी मिळत नाही तसंच इथं पण, किलोपास्कलचा मोठा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो आणि हवेचा मोठा आकडा नळी पूर्ण मोकळी ठेवून. काम या दोन्हीच्या मधे कुठंतरी होते. तुमच्या कामासाठी १६ ते २० किलोपास्कलच्या आसपासचा जोर भरपूर झाला, १००० ते १२०० वॅटच्या वेट-ड्राय मशीनवर हाच आकडा लिहिलेला असतो. ज्या डब्यावर फक्त वॅट छापलेत आणि किलोपास्कल कुठंच नाही ते मशीन बाजूला ठेवा.

आणि वॅट जास्त घेऊन आपल्याकडे ते मिळतात कुठं. १२०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सव्वापाच अँपिअर घेते. सोबत सँडर चालणार, त्याचे अडीचशे-तीनशे वॅट धरा, म्हणजे दोन्ही मिळून साडेसहा अँपिअर, आणि सपरीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. २००० वॅटचं मशीन एकटंच पावणेनऊ अँपिअर. त्यामुळे आधी १६ अँपिअरचं एक सॉकेट बसवून घ्या, मीटरच्या बोर्डापासून २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरनं, अर्थिंग खरी असली पाहिजे, नुसती तिसरी पिन नाही. बाजारातलं ते पातळ वायरचं एक्सटेन्शन लावू नका, गुंडाळी तशीच ठेवून चालवलं की गरम होऊन वितळते आणि खाली भुसा पडलेलाच असतो.

व्होल्टेजचं पण लक्षात घ्या. संध्याकाळी गावभराचे टीव्ही, पंखे, उन्हाळ्यात कूलर सुरू झाले की डीपीवर लोड येते आणि घरात १८० व्होल्ट मिळाले तरी खूप. अशा वेळी व्हॅक्यूमची ताकद निदान तिसऱ्या हिश्श्यानं तरी पडते, आवाजावरूनच कळते. तेव्हा सँडिंगचं काम सकाळी काढा, लाइनही बरी असते आणि हवाही. इन्व्हर्टरवर चालवायचा विचार करू नका, घरातला ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर हे मशीन ओढत नाही. आणि शेतातल्या पंपाच्या लाइनवर तर अजिबात नाही, ती फक्त पंपासाठी दिलेली असते.

आता फिल्टर. भाऊ, ५००० मधले पैसे कुठं घालायचे असतील तर इथं.

स्वस्त वेट-ड्राय मशीनसोबत बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी येतात, एक स्पंजची टोपी, एक कापडी फिल्टर, कधी एखादी कागदी पिशवी. स्पंज फक्त पाणी ओढताना लावायचा असतो, कोरड्या धुळीला तो काहीच अडवत नाही. कापडी फिल्टरचं ब्लोअरच्या पिशवीसारखंच, बारीक धूळ आरपार जाऊन मागच्या जाळीतून खोलीत येते. तुम्हाला पाहिजे घड्या घातलेलं गोल कार्ट्रिज फिल्टर, अकॉर्डियनसारखं दिसते ते, शक्यतो हेपा लिहिलेलं. खरं हेपा ०.३ मायक्रॉनचे जवळजवळ सगळेच कण अडवते, ९९.९७ टक्के असा त्याचा हिशोब आहे. स्वस्त मशीनवर नुसतं 'हेपा टाइप' लिहिलेलं असते ते तेवढं नसते, पण कापडापेक्षा कितीतरी बरं. आणि कागदी पिशवी मिळत असेल तर ती डब्याच्या आत नळीच्या तोंडाला आणि मोटारीच्या तोंडाशी कार्ट्रिज, ही जोडी सगळ्यात चांगली, कारण पिशवी भरली की धूळ न उडवता तशीच उचलून टाकता येते.

पण मशीन घेण्याआधी एक काम करा: त्या मॉडेलचं सुटं फिल्टर मिळते का आणि केवढ्याला, हे पाहा. खूप मशीन अशा आहेत की मशीन मिळते, फिल्टर मिळत नाही, मग वर्षभरात चांगलं चालू मशीन कोपऱ्यात पडून राहते. मी तर म्हणेन की फिल्टर सहज मिळत असेल तरच मशीन घ्या, आणि मशीनसोबतच एक जास्तीचं मागवून ठेवा. इनाल्सा, अगारो, कार्चर, युरेका फोर्ब्स ही नावं या साइजमध्ये मिळतात, मी यातल्या कोणाचं एक नाव पुढं करत नाही, ज्याचं फिल्टर तुमच्या पिनकोडला पोचते आणि ज्याचं सर्व्हिस सेंटर नागपूरला किंवा चंद्रपूरला आहे ते घ्या. नागपूर तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, एका नटासाठी दिवस मोडतो.

फिल्टर झटकायचं ते घराबाहेर, वारा आपल्या पाठीकडून येत असताना, तोंडाला मास्क बांधून. आईला सांगू नका ते काम. धुवायचं असेल आणि त्यावर धुता येते असं लिहिलेलं असेल तर आतून बाहेर पाणी मारा आणि सावलीत पूर्ण दिवसभर वाळवा, ओलं फिल्टर लावून धूळ ओढली की घड्यांमध्ये चिखल होतो आणि तो निघत नाही. पावसाळ्यात तर दोन दिवस वाळवा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे कधी राईस मिलवर गेले असाल तर वर पत्र्याचं मोठं नरसाळ्यासारखं दिसते, वर रुंद खाली निमुळतं, त्याला सायक्लोन म्हणतात. हवेसोबत येणारा कोंडा त्यात बाजूनं शिरतो, गरागरा फिरतो, जड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात आणि हवा मधून वर निघून जाते. ना कापड ना जाळी. जेम्स डायसननं आरा मिलवरचा असाच सायक्लोन पाहून घरचा व्हॅक्यूम बनवायला घेतला होता आणि तो जमेपर्यंत ५१२७ नमुने केले. तुम्हाला एकच करायचा आहे.

ऑनलाइन प्लास्टिकचा छोटा सायक्लोन हजारेक रुपयांपासून मिळतो, तो एका झाकणाच्या बादलीवर बसवायचा, सँडरची नळी त्याच्या बाजूच्या तोंडाला आणि वरच्या तोंडातून दुसरी नळी व्हॅक्यूमला. बहुतेक सगळा भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टरपर्यंत फक्त बारीक पावडर जाते, म्हणजे जे फिल्टर रोज झटकावं लागलं असतं ते आठवड्याला झटकलं तरी चालते, आणि ओढणं दिवसभर सारखं राहते. १० लिटरचं लहान मशीनही मग पुरते, कारण त्याचा डबा भरतच नाही. जागा कमी आहे म्हणालात ना, तर बादली खाली आणि मशीन वर अशी लोखंडी अँगलची घोडी करून घ्या, दोन्हीला मिळून एका खुर्चीएवढी जागा लागते.

फक्त बादली मजबूत पाहिजे. पेंटचा २० लिटरचा जाड डबा चालतो, पातळ बादली नाही. काहून ते सांगतो, नळीचं तोंड चुकून बंद झालं आणि आत २० किलोपास्कलचा ओढ तयार झाला तर एक फूट व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा सुमारे दीडशे किलोचा भार टाकते. पातळ बादली चुरगळून जाते, मी होताना पाहिलं आहे. आणि झाकण हवाबंद पाहिजे, दारं-खिडक्यांना लावायची फोमची पट्टी येते ती कडेला चिकटवा. जरा जरी हवा शिरली तरी खाली पडलेला भुसा परत वर उचलला जातो.

नळी सँडरला बसत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. मशीनची नळी साधारण ३२-३५ एमएमची आणि सँडरचं मागचं तोंड त्याहून लहान. त्यासाठी महागडा अडॅप्टर मागवू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आणि दोन क्लिप, एवढ्यात काम होते. मोठ्या जोडासाठी ठिबकच्या दुकानात पीव्हीसीचे रिड्युसर मिळतात, ते गरम पाण्यात बुडवून मऊ केले की पाहिजे तसे बसवता येतात. नळी गरजेपेक्षा लांब घेऊ नका, पाइप लांबला की डिस्चार्ज पडतो हे तुम्हाला मी काय सांगू. थंडीच्या कोरड्या दिवसांत प्लास्टिकच्या नळीत धूळ घासून स्टॅटिक तयार होते, हाताला चटका बसतो, तेव्हा नळीवरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थला जोडा. आणि काम झाल्यावर नळी खुंटीला उंच टांगा, जमिनीवर ठेवली की उंदीर कुरतडतात.

हे मशीन सगळं करेल असं मात्र समजू नका. सँडर, जिगसॉ, राउटर, ड्रिल यांना ते पुरते. इलेक्ट्रिक रंद्याच्या ढलप्या आणि टेबल सॉचा भुसा त्याच्या ३५ एमएमच्या नळीत मावत नाही, चोंदते, त्यासाठी ४ इंची पाइपाचं वेगळं मोठं मशीन येते जे आज तुम्हाला नको. रंदा अंगणात चालवा आणि ढलप्या टोपल्यात भरा.

काय ओढायचं नाही ते नीट वाचा, कारण इथं चूक झाली तर घर जाते. चुलीची राख, निखारा, बिडीचं थोटूक नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या नाही, बारीक भुशात एक ठिणगी तासभर धुमसत राहते आणि आपण झोपल्यावर पेट घेते. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन यांचे थेंब नाही, मोटारीच्या कार्बन ब्रशला ठिणगी असते. आणि आपल्याकडे बैलांना, पाटांना जवसाचं तेल लावतात, त्या तेलाचा बोळा भुशाच्या बादलीत कधीच टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरमी सोडते आणि चुरगळलेला बोळा कोणी आग न लावता आपोआप पेटू शकतो, हे खरं आहे. बोळा दोरीवर मोकळा पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. अजून एक, प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा चुलीत जाळू नका, त्यात गोंदाची केमिकल असतात.

आता पैशांचं. मी तुमच्या जागी असतो तर १००० किंवा १२०० वॅटचं, १० ते १५ लिटरचं वेट-ड्राय मशीन ३२०० ते ३६०० च्या दरम्यान पाहिलं असतं, ४५०० चं नाही, कारण त्यातून उरलेल्या पैशात जास्तीचं फिल्टर आणि सायक्लोन-बादली बसली पाहिजे. दिवाळीच्या सेलची वाट पाहू नका, तान्ह्या पोळ्याच्या ऑर्डरी श्रावणात येतात आणि सगळ्यात जास्त धूळ तेव्हाच होणार. ३५०० चं २००० वॅटवालं नको, ते का नको हे वर आलंच. जुनं मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, चालू करून पाच मिनिटं ऐका, बेअरिंगची शिट्टी आणि जळका वास नसला तर कार्बन ब्रश तालुक्याचा वायंडिंगवाला बदलून देतो.

मशीन आलं की डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत ही टेस्ट करा, खर्च शून्य. गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, अडीच मीटर तरी. त्याचं एक टोक मशीनच्या नळीच्या तोंडाला ट्यूबचा तुकडा आणि चिकटपट्टीनं हवाबंद बांधा, दुसरं टोक खाली पाण्याच्या बादलीत. मशीन उंच ओट्यावर किंवा माळ्यावर ठेवा, कोरडं फिल्टर काढून स्पंज लावा, पाइप सरळ उभा धरा आणि दहा सेकंद चालू करा, जास्त नाही. पाणी पाइपात जेवढं चढेल ते मोजा. एक मीटर चढलं म्हणजे साधारण १० किलोपास्कल, दीड मीटर म्हणजे १५, दोन मीटर म्हणजे २०. डब्यावर २० लिहिलं आणि पाणी एक मीटरवरच थांबलं तर परत पाठवा. पण तेव्हा घरात व्होल्टेज किती आहे ते पण मल्टीमीटरनं पाहा, १८० व्होल्टवर मोजून मशीनला दोष देऊ नका.

आणि आईसाठी, व्हॅक्यूम आला तरी तीन गोष्टी कराच. सपरी आणि स्वयंपाकघराच्या मधलं दार सँडिंग चालू असताना बंद, खाली फट असेल तर ओलं पोतं लावा. कूलर किंवा पंख्याचं तोंड असं ठेवा की हवा घरातून अंगणाकडे जाईल, अंगणातून घरात नाही. काम झाल्यावर अर्धा तास तिकडं कोणी जायचं नाही आणि नंतर ओल्या कपड्यानं पुसायचं, फडा नाही, फड्यानं तेच सगळं परत उठते. तुम्ही स्वतः एन-९५ मास्क घाला, रुमाल नाही, रुमालातून ही धूळ सरळ जाते. कानात बोळे पण घाला, ही मशीन ओरडतात. शक्य असेल त्या दिवशी बैल घासायचं काम सरळ झाडाखाली न्या, व्हॅक्यूम लावून, उघड्यावर. आणि आईला एकदा श्वासाच्या डॉक्टरकडे नेऊन फुंकून पाहायची टेस्ट करून आणा, दम्याचा पंप (इनहेलर) चालू असेल तर तो ती रोज बरोबर ओढते का हेही त्यांच्यासमोरच पाहून घ्या, कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं औषध घशातच राहते. चुलीचा धूर आहे तो वेगळाच, गॅस असेल तर निदान तुमच्या कामाच्या महिन्यात तरी भाकरी गॅसवर होऊ द्या.

लेव्हल पाइपात पाणी किती चढलं ते मला कळवा, सोबत व्होल्टेजचा आकडा लिहा, आणि कोणतं फिल्टर किती दिवसांत पोचलं तेही. तालुक्यातल्या बाकी सुतार भावांना त्याचा उपयोग होईल.